दोन डावे हात

फोन वाजला तेव्हा त्याच्या तोंडात चुका होत्या.

चुका म्हणजे बारीक खिळे. सोफा-खुर्च्यांचं काम करणारा माणूस चिमूटभर चुका तोंडात टाकतो, जिभेने एकेक पुढे सरकवतो, हातोडीच्या चुंबकाच्या टोकाने ओठांतून उचलतो आणि लाकडात ठोकतो. एक हात कापड ताणून धरायला लागतो, दुसरा हातोडीला. तिसरा हात देवाने दिला नाही, म्हणून तोंड. त्यामुळे दुकानात बोलायचं काम बायकोचं होतं. गिऱ्हाइकाशी ती बोलायची, फोन ती घ्यायची, नको असलेल्या विक्रेत्याला ती वाटेला लावायची. "यांच्या तोंडात चुका असतात, म्हणून चुकीचं काही बोलत नाहीत," हा तिचा ठरलेला विनोद. नवं गिऱ्हाईक हसायचं, जुनं गिऱ्हाईक तिच्याआधीच तो म्हणून दाखवायचं.

त्या दिवशी फोन वाजत राहिला. ती घेईल म्हणून तो सवयीने थांबला. मग आठवलं, ती कापडबाजारात गेली आहे, हिरवा दोरा आणायला. फोन वाजून बंद झाला आणि पुन्हा वाजला. त्याने चुका तळहातावर काढल्या आणि फोन उचलला.

कापडाच्या दुकानाचा मालक बोलत होता. माणूस ओळखीचा, पण आवाज ओळखू येत नव्हता.

"तुम्ही सरळ हॉस्पिटलातच या. वहिनींना तिकडे नेलंय. दोऱ्याची रिळं उजेडात धरून रंग बघत होत्या. म्हणाल्या, डोकं दुखतंय, जरा टेकते. टेकल्या आणि..."

तो पोहोचला तोवर सगळं संपलं होतं. डॉक्टर तरुण होती. तिने आधी खुर्ची पुढे केली, मग सांगितलं. तो त्या खुर्चीकडे बघत राहिला. सीटचं रेक्झिन शिवणीवर उसवलं होतं. हे हिला दाखवायला हवं, असं त्याच्या मनात आलं, आणि डॉक्टरने सांगितलेलं तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात शिरलं. डाव्या मुठीत चुका अजून तशाच होत्या. मूठ उघडली तर तळव्याला टोकं रुतली होती.

माणसं आली, बसली, गेली. मुलगी आपलं सामान घेऊन पुन्हा घरी राहायला आली. ती एका लॅबमध्ये रक्त तपासते. "इथून कामाला जवळ पडतं," म्हणाली. जवळ पडत नव्हतं. ते दोघांनाही ठाऊक होतं.

दुकान घराच्या खालीच. तिथे मधल्या टेबलावर ती खुर्ची उभी होती.

ही खुर्ची गिऱ्हाइकाची नव्हती. एक जुनं वाचनालय बंद झालं, तिथून बायकोने ती उचलून आणली होती, आणि ती फर्निचरचं काम शिकवणाऱ्या एका कॉलेजसाठी. कॉलेजने नवी सोय काढली होती. काम करता करता जो शिकला, त्याने एक फाइल तयार करायची. तिला पोर्टफोलिओ म्हणतात. आपल्याला काय येतं, कुठे शिकलो, कसं करतो, हे आपल्या शब्दांत लिहायचं. सोबत फोटो, नमुने, गिऱ्हाइकांचे चार शब्द आणि आपल्या हातची एक वस्तू. तपासणाऱ्यांना पटलं की त्या विषयाचे श्रेयांक मिळतात, तो विषय वर्गात बसून पुन्हा शिकावा लागत नाही. ही बातमी बायकोनेच आणली. कॉलेजच्या वर्कशॉपचे मास्तर निवृत्त व्हायचे होते. त्यांच्या जागी माणूस हवा होता, पण पहिल्या वर्षाचे विषय त्याच्या नावावर हवेत, अशी अट होती.

"अहो, तुम्ही जा शिकवायला," ती म्हणाली होती. "गुडघे कुरकुरायला लागलेत तुमचे. शिवाय इथे तुम्ही ठोकता, तर शेजारी शिव्या देतात. तिथे ठोकाल, तर पोरं सर म्हणतील."

"आणि तू काय करशील?"

"मी फोन घेईन. सर वर्गात आहेत, असं सांगेन."

म्हणून ती खुर्ची. फाइलसोबत न्यायची वस्तू. त्याने तिचा सांगाडा पक्का केला, पट्टे ताणले, स्प्रिंगा बांधल्या, गोणपाट लावलं, काथ्या भरला. तिने हिरवी मखमल निवडली, पाठीचं आणि सीटचं कव्हर कापलं, खुर्चीच्या एका हाताचंही कापलं. त्या तुकड्याच्या मागच्या बाजूला खडूने 'डावा' लिहिलं आणि घडी करून कपाटात ठेवला. दुसरा हात कापायचा राहिला होता. दोरा आणून मग बसते, म्हणाली होती.

बरेच दिवस त्याने त्या खुर्चीवर जुनी चादर टाकून ठेवली. मग एका सकाळी त्यानेच ती काढली.

"कॉलेजात कधी जायचं?" त्याने मुलीला विचारलं.

"तुम्हाला जमेल, बाबा?"

"न जमायला काय झालं? मला येतं ते येतंच. फक्त सांगायचं आहे."

कॉलेजात या फाइलींचं काम बघणाऱ्या मॅडमच्या खोलीत तो बसला आणि लगेच उठला. खुर्ची उलटी करून बघितली.

"मागचा पाय हलतोय हिचा. सांध्याचा डिंक सुटलाय. जाड माणसाला बसवू नका."

"रोज मीच बसते त्यावर," मॅडम म्हणाल्या. त्या चांगल्याच भरल्या अंगाच्या होत्या. मुलीने कपाळाला हात लावला. मॅडम मात्र हसल्या. "ही फाइल पुरी होऊ द्या, मग या खुर्चीचं बघू. काय काय लिहायचं ते सांगते."

चार विषय होते. सांगाडा, आतली भर, कामाचा अंदाज काढणं, आणि कव्हरची कापणी-शिलाई. संध्याकाळी मुलगी लॅपटॉप घेऊन दुकानात बसायची आणि तो काम करता करता सांगायचा. आता चुका वाटीत काढून ठेवाव्या लागत, नाहीतर सांगणार कसा?

"लिही. आम्ही आधी जुनं कापड उसवतो. ते फेकत नाही, कारण नव्याचं माप त्यावरून निघतं. मग आम्ही पट्टे बघतो..."

पहिला खर्डा मॅडमनी पेन्सिल हातात घेऊन वाचला. परत मिळाला तेव्हा पानापानावर गोल काढलेले होते.

"काका, हे 'आम्ही' कोण?"

"मी आणि ही."

"ही म्हणजे?"

"बायको." मग म्हणाला, "गेली ती. अचानक."

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. मग हळूच म्हणाल्या, "माफ करा. मला ठाऊक नव्हतं." थोड्या वेळाने त्यांनी ती पुन्हा उचलली, हे त्याला आवडलं. हळहळून लोक काम थांबवतात, त्याचा त्याला कंटाळा आला होता.

"श्रेयांक एका माणसाला मिळतात, काका. यात श्रेय कुणाचं किती, ते आम्हाला दिसायला हवं. जे तुमच्या हातून होतं, तिथे 'मी' लिहा. जे होत नाही, ते लिहू नका. आणि आणखी एक. इथे म्हटलंय, 'एका खुर्चीत शंभरावर चुका होतात, त्याला इलाज नाही.' हे वाचून तपासणारे काय म्हणतील?"

"अहो बाई, चुका म्हणजे खिळे!"

"ते मला कळलं. तरी खिळेच लिहा."

घरी येऊन दोघं 'मी' लिहायला बसले. सांगाड्याला अडचण आली नाही. मी सांधा उघडतो, मी खाच साफ करतो, मी शिकंजा लावतो. आतल्या भरीलाही नाही. स्प्रिंग कशी दाबायची, सुतळीची गाठ कुठे मारायची, काथ्या कुठे दाट आणि कुठे विरळ, हे सांगताना त्याचे हात हवेत चालत होते आणि मुलीची बोटं त्यांच्यामागे धावत होती. अंदाजही त्याचाच. खुर्ची बघून कापड किती लागेल ते तो दारातूनच सांगायचा. कव्हर आलं आणि गाडी अडली.

"सांगा ना, बाबा. मी कापतो, मी शिवतो. एवढी वर्षं शेजारी बसून बघताय."

"बघणं वेगळं."

"आईला चाललं असतं."

"तिला सगळंच चालायचं. प्रश्न माझा आहे."

"पण हा विषय नसेल तर पहिलं वर्ष पुरं होत नाही. मग ती जागा नाही मिळायची. तिनेच शोधून काढलेली जागा आहे ती."

हे खरं होतं, आणि तेच त्याला बोचत होतं. शेजारचा चावीवाला रोजच्यासारखा चहाचा पेला घेऊन दारात येऊन टेकला होता. कुणाच्याही बोलण्यात आपली किल्ली घालून बघायची, हा त्याचा स्वभाव.

"लेका, बायको तुझीच ना? तिचं ते तुझं. यात चोरी कसली?"

"तुझ्या भावाने घासलेली चावी तू आपली म्हणून विकशील का?"

"रोज विकतो."

मुलगी फस्सकन हसली. तोही हसला. मग उठला आणि टेबलावरची मखमल उलगडली.

"वाद कशाला? एक हात कापायचा राहिलाय. तो मीच कापतो. मीच शिवतो. मग 'मी' लिहायला मी मोकळा. कव्हर म्हणजे काय मोठं, डाव्या हातचा मळ!"

मखमल एका हातापुरतीच उरली होती. बायकोने कापलेला तुकडा कपाटातून काढून पडताळून बघावा, असं कुणालाही वाटलं असतं. त्याने काढला नाही. घडी उघडली तर खडूचं अक्षर पुसलं जाईल, अशी त्याला धास्ती होती. बघायची गरजच काय? 'डावा' तिने कापलाय, म्हणजे राहिला तो उजवा. खुर्चीसमोर उभा राहून त्याने उजव्या हाताची मापं घेतली. मखमलीवर हात फिरवून लव कुठल्या दिशेने झोपते ते बघितलं. खुणा केल्या आणि कात्री चालवली. कात्री तिचीच होती, पण त्याच्या हातातही नीट चालली.

तुकडा खुर्चीच्या उजव्या हातावर टाकला तर चपखल बसला. पुढच्या गोलाईशी सुरकुती नाही, आतल्या बाजूला झोळ नाही. तो मागे सरून बघत राहिला. मग त्याने दोघांना हाक मारली.

"या, बघा! आणि मीच म्हणत होतो, बघणं वेगळं!"

"बसला की," चावीवाला म्हणाला. "आता वहिनींचा लाव. जोडी बघू दे."

आता त्याने हात धुतले, कोरडे केले, कपाटातून घडी काढली आणि अलगद उघडून दुसऱ्या हातावर ठेवली. बसेना. पुढची गोलाई मागे गेली. फिरवून बघितली, तर लव वर. उलटून बघितली, तर खडूचं अक्षर वर आणि मखमल खाली. मुलीने दोन्ही तुकडे टेबलावर शेजारी शेजारी पसरले. सारखेच. एकाच पायातले दोन जोडे असावेत, तसे.

मग मुलगी म्हणाली, "बाबा, आई डावा कशाला म्हणायची?"

आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

इतक्या वर्षांचं भांडण होतं ते. तो खुर्चीसमोर उभा राहून ठोकायचा, म्हणून त्याचा डावा म्हणजे समोरून बघणाऱ्याचा डावा. तिचं म्हणणं वेगळं. खुर्चीत जो बसेल, त्याचा डावा तो डावा. "तुझा डावा की माझा डावा?" हे दुकानात दिवसातून दहादा व्हायचं. "माझा म्हणजे खुर्चीचा," ती सुनवायची, "तुमचा म्हणजे तुमच्यापुरता." काम कधी बिघडलं नाही, कारण प्रत्येक तुकडा ती आधी स्वतः लावून बघायची आणि मगच त्याच्या हातात द्यायची. त्याला वाटायचं, तो घेतो आणि ठोकतो, म्हणजे दोघांचं मिळून जमतं. जमवत होती ती.

चावीवाल्याने दोन्ही तुकडे हातात घेऊन निरखले. "डाव्या हातचा मळ म्हणालास ना? घे. दोन डावे झाले."

आधी चावीवालाच हसला. मग मुलगी तोंडावर हात ठेवून हसली. मग तो हसायला लागला आणि त्याला थांबता येईना. खुर्चीचा आधार घेऊन हसला, डोळे पुसले, पुन्हा हसला. ती गेल्यापासून तो असा हसला नव्हता. ती असती तर शेजारीपाजारी बोलावून दाखवलं असतं तिने.

मग तो मुलीला म्हणाला, "कव्हरचं प्रकरण काढून टाक फाइलमधून."

"बाबा, एक चूक झाली म्हणून..."

"चूक आहे म्हणून नव्हे. मला येत नाही म्हणून. येत असतं तर तिचा तुकडा आधी लावून बघितला असता. ते पहिलं काम आहे."

"आणि नोकरी?"

"मास्तरांना जे खरं आहे ते सांगू. मला जे येतं ते थोडं नाही."

तपासणीच्या दिवशी त्याने आणि चावीवाल्याने खुर्ची दोन बाजूंनी धरून कॉलेजच्या जिन्याने वर नेली. बायकोने कापलेलं पाठीचं, सीटचं आणि एका हाताचं कव्हर त्याने जागेवर लावलं होतं. शिलाई मुलीने ओळखीच्या शिंप्याकडून करून आणली होती आणि फाइलमध्ये तसं लिहिलंही होतं. दुसरा हात उघडा होता, गोणपाट दिसत होतं. स्वतः कापलेला तुकडा त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून फाइलला जोडला होता.

खोलीत मॅडम होत्या आणि वर्कशॉपचे मास्तर. मास्तर उंच, कृश, चष्मा कपाळावर. त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि खुर्ची उलटी केली. सांध्यांना नखाने टोकरलं. सीटवर तळवा ठेवून सगळा भार टाकला, सोडला, कान देऊन ऐकलं.

"पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा कडक का बांधल्या?"

"माणूस पुढच्या कडेवर टेकतो आणि मग मागे सरकतो. उठतानाही कडेवरच जोर देतो. आधी तिथलीच स्प्रिंग बसते."

"आणि हातोडी कुठे थांबवता?"

"खिळ्याचं डोकं कापडाला टेकलं की. पुढचा ठोका कापड कापतो."

बराच वेळ असं चाललं. मास्तर खोदून विचारत होते आणि तो उत्तरं देत होता. दोनदा मास्तरांनी मान हलवली नाही, आपली पद्धत सांगितली, आणि त्यातली एक त्याला आपल्यापेक्षा बरी वाटली. तसं तो म्हणालाही. एवढा वेळ सलग तो आयुष्यात बोलला नव्हता. तोंडात काही नसलं की बोलणं सोपं असतं, हे त्याला तिथे कळलं.

मग मास्तरांनी फाइल उघडली. "पहिल्या खर्ड्यात कव्हर होतं, असं मॅडम म्हणतात. का काढलंत?"

त्याने पिशवीतला तुकडा काढून त्यांच्या पुढे ठेवला. "खुर्चीवरचा हात बायकोने कापलाय. हा मी."

मास्तरांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. एकदा तुकड्याकडे, एकदा खुर्चीकडे बघितलं. त्यांच्या मिशीखाली हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं.

"तुमचा डावा कुणाचा? बघणाऱ्याचा?"

"हो. तिचा बसणाऱ्याचा."

"या वर्कशॉपमध्ये बसणाऱ्याचाच धरतात. खुर्ची बसायला असते, बघायला नाही."

"म्हणजे ती जिंकली."

"जिंकली," मास्तर म्हणाले. "पण कापणी स्वच्छ आहे तुमची. लवही बरोबर खाली आलीय."

"लव मला कळते. डावं-उजवं तेवढं शिकायचं आहे."

मॅडम फाइलमधले फोटो बघत होत्या. जुन्या खुर्च्या, सोफे, एक लांब बाक. प्रत्येक फोटोखाली मुलीने त्याच्या सांगण्यावरून एकच ओळ लिहिली होती. 'आतलं काम मी केलं. कापणी आणि शिलाई माझ्या बायकोची.' मॅडमची पेन्सिल त्या ओळीपाशी थांबली.

"फाइलमध्ये दुसऱ्याचं काम नको, असं मी सांगितलं होतं."

"तिचं श्रेय मला नको, म्हणूनच लिहिलंय."

मॅडमनी गोल न काढता पान उलटलं.

निकाल आठवड्याभरात आला. तीन विषयांचे श्रेयांक मिळाले. कव्हरचा विषय वर्गात बसून करायचा. तो पुरा होईपर्यंत पूर्ण जागा मिळणार नव्हती, पण मास्तरांनी त्याला सहायक म्हणून घ्यावं असं लिहून दिलं होतं. "खुर्चीच्या आतलं तुम्ही शिकवा," त्यांनी फोनवर सांगितलं, "आणि बाहेरचं शिका." हा फोन त्याने स्वतः घेतला. आता तो चुका वाटीत ठेवतो. काम जरा हळू होतं, पण फोन पहिल्या घंटेला उचलता येतो.

सकाळी तो वर्कशॉपमध्ये पोरांना सांधे उघडायला शिकवतो. पोरं सर म्हणतात. दुपारी तीच पोरं आणि तो शेजारच्या खोलीत शिवणयंत्रावर बसतात, आणि तिथे शिलाईच्या बाई सगळ्यांना एकाच मापाने ओरडतात. परवा त्याची शिवण बोटभर वाकडी गेली. शेजारच्या यंत्रावरची मुलगी म्हणाली, "सर, थांबा, मी दाखवते." तिने दाखवलं. त्याला जमलं. मॅडमच्या खुर्चीचा पायही त्याने जोडून दिला.

कापडाच्या दुकानात ती मखमल संपली आहे. मालकाने नव्या ठाणातला तुकडा दाखवला, पण उजेडात धरल्यावर हिरवा वेगळा दिसला. त्याने तो घेतला नाही. जुळणारा येईल तेव्हा कळवतो, असं मालक म्हणाला आहे.

कव्हरची परीक्षा अजून द्यायची आहे. खुर्ची दुकानात मधल्या टेबलावरच आहे. तिचा उजवा हात अजून व्हायचा आहे. बसणाऱ्याचा उजवा.